‘डॉक्टर, सुई किती मोठी आहे?’

दात काढायचा ठरला, ही बातमी घरात फुटली की प्रत्येक जण एकदम दातांचा डॉक्टर होतो. थोरला भाऊ पंजा पसरून दाखवतो, ‘एवढी मोठी सुई असते हं!’ शेजारच्या काकू म्हणतात, ‘छे गं, मुंगी चावल्यासारखं वाटतं, कळतसुद्धा नाही.’ आजी हळूच विचारते, ‘वरचा आहे की खालचा? वरचा काढला तर डोळे अधू होतात म्हणे.’ शाळेत तर विचारूच नका. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता कुणीतरी आपल्या मावसभावाची गोष्ट सांगायला घेतो आणि ती सांगताना सुई दर वेळी इंच इंच वाढत जाते.

ज्याचा दात काढायचा असतो, तो बिचारा मात्र गप्प. त्याला रात्री झोप लागत नाही. आणि गंमत बघा, त्याला विचारलं की बाबा रे, तुला नेमकी कशाची भीती वाटते, तर तो दात ओढण्याबद्दल फारसं बोलतच नाही. म्हणतो, ‘इंजेक्शनची!’

म्हणजे दुखू नये म्हणून जे देतात, त्याचीच धास्ती सगळ्यांत जास्त. पण दोस्तांनो, हा वेडेपणा नाही आणि भित्रेपणाही नाही. लहानपणापासून आपण काय ऐकलेलं असतं? ‘दूध संपव, नाहीतर डॉक्टरकाकांना मोठ्ठं इंजेक्शन द्यायला सांगेन!’ चार-पाच वर्षं हे ऐकल्यावर सुई म्हणजे शिक्षा, हे डोक्यात पक्कं बसणारच. शिवाय तोंड म्हणजे काही दंड नव्हे. दंडावर टोचताना मान फिरवता येते, ‘आई गं’ म्हणून ओरडता येतं. इथे पाठीवर आडवं व्हायचं, तोंड उघडं ठेवायचं, आत काय चाललंय ते दिसत नाही आणि बोलताही येत नाही. भीती वाटली नाही तरच नवल!

तेव्हा ‘घाबरू नकोस’ हा फुकटचा सल्ला इथे मिळणार नाही. त्या खुर्चीवर काय काय होतं, कशामुळे होतं आणि त्यातलं तुमच्या हातात काय असतं, ते मात्र सगळं सांगतो. हातात बरंच काही असतं.

चांगला दात का काढायचा?

तुमच्या वयात दात काढायची पाळी येते ती मुख्यतः तीन कारणांनी. एखादा दुधाचा दात हट्टी असतो, पडायचं नावच घेत नाही आणि मागून पक्का दात वाकडा उगवायला लागतो. किंवा एखादी दाढ इतकी किडलेली असते की ती वाचवता येत नाही. (सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढ अशी कितीतरी जणांची जाते. घरच्यांना वाटतं, दुधाचीच आहे, पडेल आपोआप. ती पडत नसते!) तिसरं कारण तारांचं. जबडा लहान आणि दात दाटीवाटीनं उभे, संध्याकाळच्या लोकलमधल्या माणसांसारखे. मग तारा बसवण्याआधी जागा करायला सुळ्यामागच्या उपदाढा काढतात, पुष्कळदा वरच्या दोन आणि खालच्या दोन.

या तिसऱ्या गटातल्या मुलामुलींची अवस्था सगळ्यांत अवघड. दात किडलेला नाही, दुखत नाही, तरी काढायचा! ठणकणारी दाढ असली की माणूस ‘एकदाची काढा हो’ म्हणत स्वतःच दवाखान्यात जातो. धडधाकट दात काढायला निघताना तसा धीर कुठून आणायचा?

सुई नव्हती तेव्हा

सुईला शत्रू ठरवण्याआधी, ती नव्हती तेव्हा काय चालायचं ते पाहू. पावणेदोनशे वर्षांपूर्वीपर्यंत दात काढायचा म्हणजे दोघांनी माणसाला धरायचं आणि तिसऱ्यानं ओढायचा. युरोपात हे काम न्हावीसुद्धा करत.

१० डिसेंबर १८४४ची गोष्ट. अमेरिकेतल्या हार्टफर्ड या गावी कोल्टन नावाचे एक गृहस्थ ‘हसवणाऱ्या वायू’चा खेळ करून दाखवत होते. हा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड. तो हुंगला की माणसं खिदळायची, उड्या मारायची. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा तरुण दंतवैद्य बसला होता. वायू हुंगलेल्या एका माणसाचा पाय बाकावर आपटून चांगलीच जखम झाली, पण त्याला पत्ताच नाही! वेल्सनं ते अचूक हेरलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं कोल्टनला वायू घेऊन बोलावलं, स्वतः तो हुंगला आणि रिग्ज नावाच्या दंतवैद्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली.

पुढच्या महिन्यात वेल्सनं बॉस्टनला जाहीर प्रयोग केला, तो मात्र फसला. दात काढताना रुग्ण ओरडला आणि जमलेल्या मंडळींनी वेल्सची हुर्यो उडवली. त्याच बॉस्टनमध्ये ऑक्टोबर १८४६ मध्ये विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानं ईथर देऊन रुग्णाला झोपवलं आणि शस्त्रक्रिया बिनवेदना पार पडली. म्हणजे सगळ्या डॉक्टरी जगाला भूल द्यायला शिकवण्यात दोन दातांच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, बरं का!

पण एका दातासाठी अख्खा माणूस झोपवायचा म्हणजे एक दिवा घालवायला साऱ्या गावाची वीज बंद करण्यासारखं. फक्त त्या एका घराचा फ्यूज काढता येईल का? १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं कोकेनच्या थेंबांनी फक्त डोळा बधिर करून दाखवला. लगेच अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेडनं तेच औषध जबड्याच्या मज्जातंतूजवळ टोचून पाहिलं. जबड्याचा तेवढाच भाग बधिर झाला! मात्र कोकेन हे भयंकर व्यसन लावणारं द्रव्य. प्रयोग करता करता हॉल्स्टेड स्वतःच त्या व्यसनात सापडला. म्हणून व्यसन न लावणाऱ्या औषधाचा शोध सुरू झाला आणि १९०५ साली जर्मनीत नोवोकेन वापरात आलं.

आज तुमच्या हिरडीत जे औषध जातं, ते बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं. त्यालाच लिडोकेनही म्हणतात. त्याची कुळकथा मजेदार आहे. १९३०च्या दशकात स्वीडनमध्ये बार्लीच्या रोपातल्या एका रसायनाचा अभ्यास चालला होता. त्या कामात तयार झालेला एक पदार्थ एर्टमन नावाच्या रसायनतज्ज्ञानं सहज जिभेला लावून पाहिला. (त्या काळी रसायनतज्ज्ञांना ही खोड होती. तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत असलं काही करू नका!) त्याची जीभ बधिर झाली. हा धागा पकडून निल्स लॉफग्रेन यांनी एकामागून एक पदार्थ तयार केले आणि १९४३ साली त्यांना लिडोकेन गवसलं. त्यांचा विशीतला सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यानं ते स्वतःलाच टोचून घेऊन पारखलं. १९४८ साली ते बाजारात आलं आणि आजही जगभर तेच चालू आहे.

बधिर होणं म्हणजे काय, ते तुम्हाला तसं ठाऊक आहेच. दाढदुखीवर आजी लवंग धरायला सांगते. ती चावली की जीभ आधी चुरचुरते, मग थोडी जड पडते. इंजेक्शनची बधिरता त्याच जातीची, फक्त कितीतरी पट खोल.

दारांना आतून कडी

हे औषध करतं तरी काय? दातापासून मेंदूपर्यंत मज्जातंतू असतात, टेलिफोनच्या तारांसारखे. दाताला काही झालं की त्यांच्यातून विजेची एक लाट धावते. ही लाट पुढे सरकते ती सोडियमच्या कणांमुळे. मज्जातंतूच्या भिंतीत बारीक बारीक दारं असतात, त्यांतून हे कण भसाभस आत घुसतात आणि लाट पुढे जाते. लिग्नोकेन या दारांना आतून कडी घालतं. कण बाहेरच थांबतात, लाट उठत नाही आणि मेंदूला निरोपच पोचत नाही. दोन-तीन तासांत रक्त ते औषध वाहून नेतं, कड्या निघतात आणि तारा पूर्ववत चालू.

आता आजीच्या डोळ्यांचं पाहू. चेहऱ्यावर काय टोचतंय, काय भाजतंय हे मेंदूला कळवणारा जो मोठा मज्जातंतू आहे, त्याला तीन फांद्या असतात: एक कपाळ आणि डोळ्यांच्या आसपास, एक वरच्या जबड्याला, एक खालच्या. पण डोळ्यांनी बघण्याचं काम मुळी त्याच्याकडे नाहीच. त्यासाठी वेगळा स्वतंत्र मज्जातंतू आहे, त्याचा आणि दातांचा काही संबंध नाही. तेव्हा वरचा दात काढला म्हणून चष्मा लागत नाही. आजीला हे जरा प्रेमानं समजावून सांगा.

खुर्चीवर काय होतं?

आधी त्या सुईची मापं घेऊ. दाताच्या इंजेक्शनची सुई साधारण अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. कंपासपेटीतल्या पट्टीवरचा एक मिलिमीटर पाहा आणि त्याचा अर्धा करा. दिसायला ती लांब असते, हे खरं. पण ती लांबी आत तोंडात पोचण्यासाठी असते. डॉक्टर सुई पूर्ण कधीच आत घालत नाहीत, आणि ती दातात जात नाही की हाडात जात नाही. दाताजवळच्या मऊ भागात जाते. काही दवाखान्यांत स्टीलची जाडजूड पिचकारी असते, ती पाहून तर पोटात गोळाच येतो. पण तिच्यात बसणाऱ्या काचेच्या नळीत औषध असतं जेमतेम १.८ मिलिलिटर. चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही!

पुष्कळ डॉक्टर आधी टोचायच्या जागेवर एक जेल लावतात किंवा फवारा मारतात. चव कडू असते, नाक मुरडू नका. त्यानं वरची कातडी मिनिट-दोन मिनिटांत बधिर होते. डॉक्टरांनी ते लावलं नाही, तर तुम्ही खुशाल विचारा, ‘डॉक्टर, आधी जेल लावता का?’ मग ते गाल ताणून धरतात आणि टोचताना तो जरासा हलवतात. हे उगाच नव्हे. कोपर टेबलावर आपटलं की आपण काय करतो? खसाखसा चोळतो आणि बरं वाटतं. चोळण्याचा निरोप आणि दुखण्याचा निरोप एकाच वेळी पाठीच्या कण्याशी पोचले, तर चोळण्याचा निरोप दुखण्याच्या निरोपाची वाट थोडी अडवतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली ही ‘फाटका’ची कल्पना मांडली. दाताच्या खुर्चीवर गाल हलवतात तो याच युक्तीनं.

मग टोचतं. हो, टोचतं. काकूंची मुंगी कधी कधी जरा मोठी असते. पण ते टोचणं क्षणाचं. त्यानंतर औषध आत जाताना थोडी आग होते आणि जागा ताणल्यासारखी वाटते. औषध किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून ही आग. डॉक्टर जितके सावकाश देतील तितकं कमी दुखतं. म्हणून मिनिटभर सुई तोंडात असली, तर ‘अजून का काढत नाहीत!’ असं मनात म्हणू नका. हळू देणारे डॉक्टर तुमच्यावर उपकारच करत असतात.

वरचा दात असेल तर टाळूच्या बाजूनंही एक छोटं इंजेक्शन देतात. खरं तेच सांगतो, हे जरा जास्त झोंबतं. टाळूची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषध शिरायला जागाच नसते. पण ते अगदी थोडं असतं, ‘एक ते दहा’ म्हणेपर्यंत संपतं. खालच्या मागच्या दातांसाठी बहुधा जबड्याच्या मागच्या टोकाशी टोचतात, कारण खालचं हाड टणक असतं, औषध त्यातून झिरपत नाही. मग मज्जातंतू हाडात शिरतो तिथेच त्याला गाठावं लागतं. त्याला चढायला वेळही जास्त लागतो, पाच-दहा मिनिटं.

आणखी एक गोष्ट आधी कळलेली बरी. पुष्कळदा औषधात चिमूटभर अॅड्रिनलिन मिसळलेलं असतं. त्यानं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं आणि रक्तही कमी येतं. पण कधी कधी त्यामुळे दोन-तीन मिनिटं छातीत धडधडतं. ज्याला हे माहीत नसतं, त्याला वाटतं आपण भयंकर घाबरलो किंवा आपल्याला काहीतरी होतंय. ती धडधड औषधाचीही असू शकते, आणि जरा वेळानं ती आपोआप थांबते. तरी डॉक्टरांना सांगा. सांगायला काही पैसे पडत नाहीत.

हळूहळू ओठ जाड झाल्यासारखा वाटतो. इतका, की आपला चेहरा मारुतीरायासारखा फुगलाय अशी खात्रीच होते. आरसा मागून बघा. काही झालेलं नसतं.

दाब वेगळा, दुखणं वेगळं

सुईची भीती वाटणाऱ्या पुष्कळ मुलांना सुई झाल्यावरच खरा धक्का बसतो. ओठ बधिर झालेला असतो, डॉक्टर चिमटा लावतात आणि तरी काहीतरी जाणवतं! मग ‘इंजेक्शन लागलंच नाही’ असं वाटून मूल किंचाळतं.

हा घोटाळा समजून घ्या. दुखण्याचा निरोप नेणारे तंतू बारीक असतात, ते औषधानं लवकर गप्प होतात. दाबाचा निरोप नेणारे तंतू जाड असतात, ते पुष्कळदा जागेच राहतात. त्यामुळे ढकलणं, हलवणं, ओढणं हे सगळं कळतं, पण दुखत नाही. आधी खात्री करायला डॉक्टर हिरडीला टोकदार हत्यारानं टोचून विचारतात, ‘काय वाटतं?’ इथे घाईघाईनं काहीतरी उत्तर देऊ नका. ‘टोचतंय’ की ‘नुसतं दाबल्यासारखं’, नीट विचार करून सांगा. टोचत असेल तर डॉक्टर थांबतात, आणखी औषध देतात. तसं करता येतं, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

दात काही भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा घट्ट रुतलेला नसतो. हाडातल्या खळग्यात तो बारीक तंतूंच्या गादीवर बसलेला असतो. डॉक्टर त्याला सगळा जोर लावून उपटत नाहीत, तर इकडे-तिकडे हळूहळू डोलवतात आणि खळगा रुंद करतात. ‘हलवून खुंटा बळकट’ ही म्हण तुम्ही शिकला असाल. इथे हलवून खुंटा सैल! हे चालू असताना करकर आवाज येतो आणि तो हाडातून थेट कानात पोचतो, म्हणून फारच मोठा वाटतो. आवाज ऐकून दचकायला होतं, पण आवाज दुखत नाही.

‘पुढच्या आठवड्यात जाऊ’

भीतीचा सगळ्यांत आवडता खेळ म्हणजे तारीख पुढे ढकलणं. परीक्षा आहे, मामाचं लग्न आहे, आज पाऊस आहे! तारांसाठी दात काढायचा असेल तर महिनाभरानं आभाळ कोसळत नाही. पण किडलेल्या दाढेचं तसं नाही. कीड आत पोचली, मुळाशी पू झाला की तो भाग आम्लधर्मी होतो आणि अशा जागी भुलीचं औषध नीट लागत नाही. मग एकाऐवजी दोन-तीन वेळा टोचावं लागतं, किंवा आधी गोळ्या घेऊन सूज उतरण्याची वाट पाहावी लागते. म्हणजे सुईला घाबरून जो पळतो, त्यालाच शेवटी जास्त सुया! शिवाय गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर एक दिवसही थांबायचं नसतं. अशा वेळी आईबाबांना रात्रीसुद्धा उठवा.

तुमच्या हातातल्या गोष्टी

पहिली गोष्ट खुर्चीवर बसण्याआधीची. डॉक्टरांना सरळ सांगा, ‘मला सुईची भीती वाटते.’ हसणार नाहीत. त्यांनी तुमच्यासारखे आणि तुमच्या बाबांच्या वयाचेही पुष्कळ पाहिलेले असतात. मग डावा हात ठरवून घ्या: ‘मी डावा हात वर केला की तुम्ही थांबायचं.’ डावा अशासाठी की डॉक्टर सहसा उजव्या बाजूला असतात, त्यांच्या हाताला धक्का लागायला नको. हा एक हात म्हणजे तुमचा ब्रेक. आपल्याला थांबवता येतं हे एकदा कळलं की पुष्कळांना तो वापरावाच लागत नाही. पण डोकं मात्र झटकन हलवायचं नाही, हात वर करायचा.

‘काय करताय ते आधी सांगाल का?’ असंही विचारता येतं. मुलांच्या दातांच्या डॉक्टरांची ती पद्धतच असते: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. उलट काहींना काही ऐकायचं नसतं, बघायचं तर मुळीच नसतं. त्यांनी तसं सांगावं आणि डोळे मिटून घ्यावेत. दोन्ही ठीक.

टोचताना श्वास रोखू नका. नाकानं चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. बाहेरचा श्वास लांब असला की छातीची धडधड उतरते. डोक्याला काहीतरी काम द्या: शंभरातून सात सात वजा करत जा, किंवा आवडत्या संघाचे अकरा खेळाडू फलंदाजीच्या क्रमानं आठवा. पायाचे अंगठे बुटात हलवत राहिलात तरी चालतं.

काहींची तऱ्हा मात्र वेगळी असते. सुई किंवा रक्त दिसलं की त्यांना घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ते धाडकन पडतात. यात आधी हृदय जोरात धडधडतं आणि मग एकदम नाडी आणि रक्तदाब खाली येतो. अशांना ‘अंग सैल सोड’ म्हणून सांगणं उलटं पडतं! स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात त्यांच्यासाठी उलट उपाय दिला. हात, पाय, पोट सगळं घट्ट आवळायचं, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सोडायचं, पण अगदी लुळं पडायचं नाही. असं पाच वेळा. रक्तदाब वर राहतो आणि चक्कर टळते. आठवडाभर घरी सराव करा. सुई तोंडात असताना मात्र जबडा आणि मान आवळायची नाही, पाय आवळले तरी पुरे. आणि आधी कधी चक्कर आली असेल तर ते, तसंच दमा, हृदयाचा त्रास, लवकर न थांबणारं रक्त किंवा एखाद्या औषधाची अॅलर्जी असेल तर तेही, आधीच डॉक्टरांना सांगा.

उपाशी जाऊ नका, डॉक्टरांनी तसं सांगितलं नसेल तर. पोळीभाजी खाऊन, दात घासून जा. शक्यतो सकाळची वेळ घ्या, म्हणजे दिवसभर त्याच विचारात कुढावं लागत नाही.

आईबाबांशीही आदल्या दिवशी एकदा बोला. ‘अजिबात दुखणार नाही’ असं त्यांनी म्हणू नये. कारण जरासं टोचलं की त्यांच्या पुढच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास उडतो. ‘थोडं टोचेल, मग बधिर होईल’ एवढं पुरे. आणि दवाखान्यात तुमच्याहून त्यांचाच चेहरा पडत असेल, तर त्यांना खुशाल बाहेर बसवा!

एवढं करूनही काहींची भीती हटत नाही. त्यांनी पहिल्या दिवशी दात काढायचाच नाही. नुसतं खुर्चीवर बसायचं, आरसा हातात घेऊन पाहायचं, घरी यायचं. पुढच्या वेळी जेल. त्याच्या पुढच्या वेळी सुई. काही ठिकाणी नाकावर छोटा मास्क लावून नायट्रस ऑक्साइड देतात, म्हणजे वेल्सचाच तो वायू. आता तो प्राणवायूत मोजून मिसळतात, त्यामुळे मूल जागंच राहतं, नुसतं निवांत होतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात, तसंच गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे घाबरणाऱ्या मुलांची चांगलीच सवय असते.

दात हातात आल्यावर

डॉक्टर दात दाखवतात तेव्हा तो नीट पाहा. दुधाचा असेल तर मूळ झिजून जेमतेम उरलेलं असतं. उपदाढ असेल तर आश्चर्य वाटेल: तोंडात दिसायचा त्याहून हिरडीत लपलेला भाग मोठा! धुऊन मागितलात तर पुष्कळ डॉक्टर तो देतातही.

पुढचं थोडक्यात. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, सारखा काढून पाहायचा नाही. पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. खळग्यात साकळलेलं रक्त हेच तिथलं मलम, ते निघालं की फार ठणकतं. बधिरता उतरेपर्यंत, म्हणजे दोन ते चार तास, काही चावून खाऊ नका, नाहीतर स्वतःचाच ओठ चावला जातो आणि कळतही नाही. नंतर गार दहीभात, आइस्क्रीम. दुखण्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीच घ्यायची.

आणि त्याच संध्याकाळी एक कागद घ्या. दवाखान्यात जाण्याआधी त्यावर एक आकडा लिहून ठेवलेला असू द्या: इंजेक्शन दहापैकी किती दुखेल असं वाटतंय? आता त्याखाली, प्रत्यक्ष किती दुखलं, तो आकडा लिहा. केंट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८५ साली दातांच्या रुग्णांना असंच विचारलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं. फार घाबरणाऱ्या लोकांना तीन महिन्यांनी आठवलेलं दुखणं, खुर्चीवर झालेल्या दुखण्यापेक्षा त्यांनी आधी कल्पिलेल्या दुखण्याच्या जास्त जवळ होतं! मन असं खोटं हिशेब ठेवतं. तारांसाठी चार दात काढायचे असतील तर बहुधा दोन खेपा होतात. पहिल्या खेपेचा तो कागद कंपासपेटीत ठेवा, दुसऱ्या खेपेच्या आदल्या रात्री उघडून पाहायला.